दोन्ही सुविधा बरोबर, तरी फोन चुकला!

विद्यार्थिमित्रांनो, गेल्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम चालू होते आणि जाहिरातींच्या फोनांनी मी अगदी कंटाळून गेलो होतो. म्हणून मी मोबाइलमध्ये एक सोय चालू केली : अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन न वाजवता नाकारावा. दुसरी एक सोय आधीपासूनच होती : माझ्याकडून फोन उचलला गेला नाही, तर तो पत्नीच्या फोनकडे वळवावा. तासाला असताना मला फोन घेता येत नाही, म्हणून ही व्यवस्था केलेली होती.

एका दुपारी गावी माझी आई ओसरीच्या पायरीवरून घसरून पडली. शेजारचा मुलगा धावत आला. त्याने स्वतःच्या फोनवरून मला लागोपाठ तीन वेळा फोन लावला. त्याचा क्रमांक माझ्याजवळ नव्हता. माझा फोन वाजला नाही आणि पत्नीचाही वाजला नाही. बातमी कळली ती संध्याकाळी, एका नातेवाइकाकडून. पायाच्या हाडाला चीर गेली होती. आई आता हिंडूफिरू लागली आहे. पण त्या दिवशी चार तास ती दाराकडे डोळे लावून बसली होती.

आता तुम्ही विचाराल, फोन बिघडला होता का? मीही प्रथम तेच म्हटले. पण नंतर शांतपणे तपासून पाहिले तेव्हा लक्षात आले की, काहीही बिघडलेले नव्हते. पहिल्या सुविधेने अनोळखी फोन नाकारला. तेच तिचे काम. दुसरी सुविधा न उचललेला फोन वळवणार होती. पण 'न उचललेला' म्हणजे काही वेळ वाजून उत्तर न मिळालेला. नाकारलेला फोन वाजतच नाही! जाळ्याच्या हिशेबात तो 'ग्राहक कामात आहे' या सदरात जमा होतो. त्या सदरासाठी मी कोणतीच सूचना दिलेली नव्हती. म्हणजे दोन्ही सुविधा आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर वागल्या आणि दोघींनी मिळून चूक केली.

या प्रकारच्या चुकीबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. तिला नाव आहे, इतिहास आहे आणि तिच्यावर उपायही शोधले गेले आहेत. त्यांपैकी 'धोरण' या उपायाविषयी माझे एक मत आहे, तेही सांगणार आहे. ते पटले नाही तर जरूर वाद घाला.

लाटा आणि सुविधा

पदार्थविज्ञानात आपण अध्यारोपणाचे तत्त्व शिकतो. तळ्यात दोन दगड टाकले की दोन लाटा उठतात. त्या जेथे भेटतात तेथे त्यांची बेरीज होते, आणि मग प्रत्येक लाट जणू काही घडलेच नाही अशी पुढे निघून जाते. एक लाट समजली, दुसरी समजली की दोन्ही मिळून काय होईल हे बेरजेने सांगता येते. निसर्गाने आपल्यावर केलेला हा मोठाच उपकार आहे.

यंत्रातील सुविधा मात्र अशा सरळपणे वागत नाहीत. त्यांची बेरीज होत नाही, त्या एकमेकींवर क्रिया करतात. शिवाय त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. ५ ही संख्या घ्या. तिच्यात ३ मिळवा आणि मग दुप्पट करा : १६. आता आधी दुप्पट करा आणि मग ३ मिळवा : १३. क्रिया त्याच, क्रम बदलला, उत्तर बदलले. माझ्या फोनमध्येही हेच झाले. 'आधी वळव, मग नाकार' असा क्रम असता, तर तो फोन पत्नीला मिळाला असता. अर्थात मग जाहिरातींचे सगळे फोनही तिलाच मिळाले असते!

माणूस होता तेव्हा

ही अडचण टेलिफोनच्या जन्मापासूनच होती का? होती, पण दिसत नव्हती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली टेलिफोन केंद्रे सुरू झाली, तेव्हा जोडणी माणसे हातांनी करीत. छोट्या गावच्या केंद्रावरच्या ऑपरेटरला गावची खडान्‌खडा माहिती असे. डॉक्टर दवाखान्यात नाहीत, ते आता कोणाकडे भेटतील, हे तो सांगू शके. कोणता फोन महत्त्वाचा आणि कोणता थांबू शकेल, हे तो बोलणाऱ्याच्या आवाजावरून ओळखे. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ट्रंक कॉल लावताना 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' की 'लाइटनिंग' असे विचारले जाई. ज्याला घाई त्याने जास्त पैसे भरावेत आणि आधी बोलावे, असे ते धोरण होते. पटो वा न पटो, ते सर्वांना माहीत होते.

पण माणसाच्या डोक्यातील धोरणाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की, आपल्याला येणारे फोन ऑपरेटर मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते असा त्यांना संशय आला, आणि चिडून त्यांनी ऑपरेटरच नको असे केंद्र बनवले. कथा थोडी रंगवलेली असेल. पण स्वयंचलित केंद्राचे पेटंट त्यांना १८९१ साली मिळाले ही गोष्ट खरी. या कथेतील मुद्दा लक्षात ठेवा, कारण शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. स्ट्राउजर यांची तक्रार केंद्र चुकते ही नव्हती. कोणाचा फोन कोठे जावा हे कोण ठरवते, हे आपल्याला दिसत नाही, ही होती.

सुविधांची गर्दी

स्ट्राउजर यांच्या केंद्रात विजेवर चालणारे खटके होते. नवी सोय द्यायची तर नवे यंत्र जोडावे लागे. म्हणून सोयी थोड्या होत्या. १९६५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सकासना या गावी एक नवे केंद्र सुरू झाले. त्याचे काम स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीनुसार चाले. म्हणजेच टेलिफोन केंद्र आता संगणक झाले. नवी सोय म्हणजे आता नवे यंत्र नव्हे, आज्ञावलीची काही नवी पाने! मग सोयींचा पाऊसच पडला. बोलत असताना दुसरा फोन आल्याची सूचना, फोन वळवणे, तिघांनी एकत्र बोलणे, नको असलेले क्रमांक अडवणे, निरोप ध्वनिमुद्रित करणे... प्रत्येक सोय वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वर्षी लिहिली.

आता थोडे गणित करू. सुविधा २० असतील तर त्यांच्या जोड्या किती? २० गुणिले १९ भागिले २, म्हणजे १९०. तीन-तीनचे गट किती? ११४०. सुविधा १०० झाल्या की जोड्याच ४९५० होतात. प्रत्येक नवी सुविधा लिहिणाऱ्याने आधीच्या सगळ्या सुविधांशी तिचे पटते की नाही हे पाहायचे म्हटले, तर एक सोय लिहिण्यापेक्षा भांडणे शोधण्यातच त्याचे दिवस जातील.

अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेतील अभियंत्यांना १९८०च्या दशकात हे प्रकर्षाने जाणवले. या अडचणीला 'फीचर इंटरॅक्शन' हे नाव पडले. आपण तिला सुविधांचा संघर्ष म्हणू. १९९२ सालापासून या एकाच विषयावर आंतरराष्ट्रीय चर्चासत्रे भरू लागली. तेथे चर्चिली गेलेली काही उदाहरणे इतकी सोपी आहेत की तुम्हीसुद्धा ती ताडून पाहू शकाल.

पहिले उदाहरण : तुम्ही फोनवर बोलत आहात आणि तिसऱ्याचा फोन आला. एक सुविधा म्हणते, 'कानात टुक्‌ टुक्‌ आवाज करून सूचना द्या.' दुसरी म्हणते, 'ग्राहक कामात आहे, फोन दुसरीकडे वळवा.' एकाच क्षणी दोन्ही गोष्टी होणे शक्य नाही. कोणाचे ऐकायचे?

दुसरे उदाहरण : वडिलांनी घरच्या फोनवरून एका विशिष्ट क्रमांकाला फोन लागू नये अशी बंदी घातली. मुलाने मित्राला फोन लावला. मित्राने आपला फोन त्याच बंदी घातलेल्या क्रमांकाकडे वळवून ठेवला होता. फोन लागला! बंदी मोडली का? मुलाने फिरवलेला क्रमांक तर निर्दोष होता.

तिसरे उदाहरण : बटणांच्या फोनवरील चौकटीचे चिन्ह. एका सुविधेत त्याचा अर्थ 'हा फोन संपला, आता नवा क्रमांक लावतो', तर ध्वनिमुद्रित निरोपाच्या सुविधेत त्याचा अर्थ 'माझे बोलणे संपले'. ग्राहकाने बटण दाबले तर ते कोणासाठी? एक तोडगा असा की, क्षणभर दाबले तर एक अर्थ आणि दाबून धरले तर दुसरा.

चौथे उदाहरण गंभीर आहे. अमेरिकेत ९११ हा आपत्कालीन क्रमांक आहे. तेथील ऑपरेटरला कोणीही ताटकळत ठेवू नये असा नियम. पण तिघांनी एकत्र बोलण्याच्या सोयीत तिसऱ्याला जोडण्यासाठी दुसऱ्याला क्षणभर थांबवावेच लागते. समजा, घाबरलेल्या मुलीने आईशी बोलता बोलता ९११ला जोडून घेतले, तर चालेल. पण आधी ९११ला फोन करून मग आईला जोडायचे म्हटले, तर चालणार नाही. पुन्हा क्रमाचाच प्रश्न!

ही अडचण फक्त टेलिफोनची नाही. जेथे जेथे आज्ञावली आहे तेथे ती आहे. एका इमारतीची कल्पना करा. चोर शिरल्याची चाहूल लागली की दारे आपोआप बंद व्हावीत, ही एक सुविधा. धूर दिसला की दारे आपोआप उघडावीत, ही दुसरी. आता धूरही आहे आणि चोरही आहे. दाराने काय करावे? ते उघडले नाही तर आतल्या माणसाचा जीव जाईल.

भांडण मिटवण्याच्या तीन रीती

अशा भांडणावर पहिला उपाय म्हणजे सर्व जोड्या आधीच तपासणे. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. तुमच्या फोनमधील सोयी एका कंपनीच्या, जाळे दुसऱ्या कंपनीचे आणि समोरच्या माणसाचा फोन तिसऱ्या कंपनीचा. सगळे एका टेबलावर बसून कधी तपासणार?

दुसरा उपाय म्हणजे क्रम ठरवून टाकणे. अमुक सुविधेला आधी संधी, मग तमुक सुविधेला. अमेरिकी सैन्याच्या 'ऑटोव्हॉन' या जुन्या टेलिफोन जाळ्यात याचे चांगले उदाहरण सापडते. नेहमीच्या फोनवर बटणांचे तीन उभे स्तंभ असतात. बटण दाबले की एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या स्तंभाचा असे दोन स्वर एकदम निघतात. स्तंभांच्या वारंवारता १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्‌झ अशा आहेत. सैन्याच्या फोनवर १६३३ हर्ट्‌झचा चौथा स्तंभ होता. त्यावरील चार बटणे म्हणजे महत्त्वाच्या चार पायऱ्या. यांपैकी काहीच दाबले नाही तर ती पाचवी, नेहमीची पायरी. वरच्या पायरीचा फोन आला आणि तारा मोकळ्या नसल्या, तर खालच्या पायरीवरचे बोलणे तोडले जाई. मात्र कोणाला कोणत्या पायरीपर्यंत जाता येईल हेही आधी ठरलेले असे. नाहीतर प्रत्येकानेच सर्वांत वरचे बटण दाबले असते!

हा उपाय सैन्यात चालतो, कारण तेथे हुद्द्यांची शिडी सर्वांना मान्य आहे. पण तुमच्या-माझ्या जीवनात अशी एकच शिडी नसते. दुपारी दोन वाजता आईचा फोन महत्त्वाचा. परीक्षेच्या खोलीत तोही थांबायला हवा. आणि आई आजारी असेल तर परीक्षेच्या खोलीतसुद्धा निरोप पोचायला हवा. क्रम प्रसंगाप्रमाणे बदलतो.

म्हणून तिसरा उपाय पुढे आला : धोरण. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात केनेथ टर्नर, स्टेफान राइफ-मार्गानिएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांची कल्पना अशी : ग्राहकाला सुविधांची यादी देऊन 'चालू' किंवा 'बंद' एवढेच विचारण्याऐवजी, त्याला काय हवे आहे ते धोरणाच्या रूपाने लिहू द्यावे. प्रत्येक धोरणाचे तीन भाग. काय घडले की? (फोन आला.) कोणत्या परिस्थितीत? (मी तासाला असताना.) काय करावे? (पत्नीकडे वळवावा.) त्यांच्या या धोरण-भाषेचे नाव 'अॅपेल'. तिच्यातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक धोरणाला त्याची तीव्रता जोडता येते : 'केलेच पाहिजे', 'करावे', 'केले तर बरे', आणि तशाच नकाराच्याही तीन पायऱ्या.

आपण रोजच्या बोलण्यात हेच करतो. 'दूध आणलंच पाहिजेस' आणि 'जमलं तर कोथिंबीर आण' यांतला फरक दहा वर्षांच्या मुलालाही कळतो. दुकान बंद व्हायला पाच मिनिटे उरली असतील, तर तो दुधाच्या रांगेत उभा राहतो. यंत्राला हा फरक आपण कधी सांगितलाच नव्हता. त्याच्या दृष्टीने प्रत्येक आज्ञा सारखीच.

धोरणे भांडली तर? भांडणारच. पण आता भांडण मिटवण्याचे नियमही लिहिता येतात, म्हणजे धोरणांवरचे धोरण. उदाहरणार्थ : तीव्र धोरण सौम्य धोरणाला हरवील, विशिष्ट माणसाविषयीचे धोरण सर्वसाधारण धोरणाला हरवील, जीव आणि मालमत्ता यांत निवड आली तर जीव आधी. इमारतीच्या दाराचा प्रश्न या शेवटच्या नियमाने सुटतो. आगीच्या वेळी दार आतून बाहेर जाण्यासाठी उघडलेच पाहिजे. मग खोटा धूर करून चोर पळून जाणार नाही का? जाईल कदाचित. ही त्या धोरणाची किंमत आहे, आणि ती आपण समजून-उमजून देतो.

चांगले धोरण लांबलचक असावे लागत नाही. समजा, मी सुटीवर आहे आणि माझ्या संगणकाला सांगून ठेवले आहे की येणाऱ्या प्रत्येक ई-मेलला 'मी सुटीवर आहे' असे उत्तर दे. तुम्हीही सुटीवर आहात आणि तुमच्या संगणकालाही तेच सांगितले आहे. मी जाता जाता तुम्हाला एक पत्र टाकले. तुमचा संगणक उत्तर देतो, त्याला माझा देतो, त्याला तुमचा... दोन शहाणी यंत्रे रात्रभर एकमेकांना सुटीची बातमी देत बसतात! यावर २००४ साली ठरलेल्या इंटरनेटच्या शिफारशींचे सार एका वाक्यात सांगता येते : स्वयंचलित उत्तराला स्वयंचलित उत्तर देऊ नये. इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या 'सिप' नियमावलीतही २००२ पासून अशीच युक्ती आहे. प्रत्येक मागणीबरोबर एक आकडा जातो, सहसा ७०. प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो. शून्य झाला की मागणी पुढे जात नाही. मी तुमच्याकडे आणि तुम्ही माझ्याकडे फोन वळवून ठेवला, तरी तो जन्मभर फिरत राहत नाही.

माझे मत

आता माझे मत सांगतो. संघर्ष मिटवण्याचे धोरण प्रत्येक यंत्रात असतेच. प्रश्न एवढाच की ते उघडपणे लिहिलेले आहे, की कोणाच्या तरी आज्ञावलीत गुपचूप दडलेले आहे. माझ्या फोनमध्ये 'नाकारणे आधी, वळवणे नंतर, आणि नाकारलेला फोन न उचललेला समजू नये' हे धोरणच होते. ते मी निवडले नव्हते. ते मला कोणी वाचून दाखवले नव्हते. कदाचित ते कोणी जाणूनबुजून ठरवलेलेही नसेल; दोन गट दोन वेगळ्या खोल्यांत काम करीत होते, त्यातून ते आपोआप जन्माला आले असेल. पण त्याचा परिणाम माझ्या आईने सोसला. म्हणून मी म्हणतो की, ज्याच्यावर परिणाम होणार त्याला यंत्राचे धोरण वाचता आले पाहिजे, आणि जेथे शक्य असेल तेथे बदलताही आले पाहिजे.

कोणी म्हणेल, 'हे अभियंत्यांचे काम आहे, त्यांना करू द्या.' तंत्र अभियंत्यांचे हे खरे. पण अनेक संघर्ष तंत्राचे नसतातच. फोन करणाऱ्याचा क्रमांक समोरच्याला दिसावा, ही सोय आली तेव्हा अमेरिकेत मोठा वाद झाला. फोन घेणारा म्हणे, 'माझ्या दारावर कोण थाप मारतो ते मला कळायला हवे.' फोन करणारा म्हणे, 'माझा क्रमांक गुप्त ठेवणे हा माझा हक्क आहे.' छळापासून पळालेली स्त्री आपला ठावठिकाणा लपवू इच्छिते. निनावी फोनांनी त्रासलेली स्त्री समोरच्याचा क्रमांक पाहू इच्छिते. दोघींचेही म्हणणे न्याय्य! याचे उत्तर कोणत्या सूत्राने काढणार? तेथे १९९५ सालच्या अखेरीस देशभरासाठी नियम लागू झाले. क्रमांक दिसावा, पण फोन करणाऱ्याने आधी तारा आणि ६७ दाबले तर त्या फोनापुरता तो दिसू नये. मात्र आपत्कालीन सेवेला तो दिसावाच, कारण संकटातला माणूस कोठे आहे हे कळणे सर्वांत महत्त्वाचे. हे धोरण सार्वजनिक संस्थेने उघड वादविवादानंतर ठरवले. ते सर्वांना पसंत पडले नाही. पण सर्वांना ते वाचता आले.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. 'सामान्य माणसाला धोरण लिहायला वेळ कोठे आहे? यंत्रच आता आपल्या सवयी पाहून शिकते. त्यालाच ठरवू द्या.' सवयीवरून अंदाज बांधणे यंत्राला जमते, हे मी मान्य करतो. पण शेजारच्या मुलाने मला त्यापूर्वी कधीच फोन केलेला नव्हता. ज्या प्रसंगी धोरणाची खरी गरज लागते तो प्रसंग बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो. त्याची सवय कोठून असणार? आणि यंत्राचा अंदाज चुकला, तर त्याने तसे का केले हे विचारण्याची सोय तरी हवी. नाहीतर आपण स्ट्राउजर यांच्या जागी जाऊन बसू. फोन कोठे जातो हे कोणीतरी ठरवते आहे, आणि आपण नुसता संशय घेत बसलो आहोत.

वेळ नसल्याचा मुद्दाही मी उडवून लावत नाही. पन्नास धोरणे लिहा असे मी कोणालाही सांगणार नाही. पण जीवाशी गाठ असलेली दोन-तीन धोरणे तरी प्रत्येकाने स्वतः पाहून ठेवावीत. मी आता काय केले ते सांगतो. अनोळखी फोन आजही मी शांत ठेवतो. पण तोच क्रमांक थोड्या मिनिटांत दुसऱ्यांदा आला, तर फोन वाजू द्यावा अशी सूचना दिली आहे. ही सोय अनेक फोनांत असते. खऱ्या अडचणीतला माणूस सहसा पुन्हा फोन करतो, हा तिच्यामागचा विचार. चिकाटीचा विक्रेताही यातून आत शिरतो. ती किंमत मी देतो. शिवाय 'कामात असताना' या सदरासाठीही पत्नीचा क्रमांक देऊन ठेवला आहे. तिला विचारून, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर एका मित्राच्या फोनवरून स्वतःला फोन लावून सगळे प्रत्यक्ष तपासून पाहिले. हे मी गेल्या वर्षी मार्चच्या आधी करायला हवे होते.

वर्गात करून पाहा

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. हा विषय शिकवायला संगणक लागत नाही. फळ्यावर शाळेचे पाच नियम लिहा. 'ग्रंथालयात बोलू नये.' 'शिक्षकांनी विचारल्यास उत्तर द्यावे.' 'घंटा झाल्यावर वर्गाबाहेर जाऊ नये.' 'कोणाला दुखापत झाल्यास ताबडतोब कार्यालयात कळवावे.' 'कार्यालयात परवानगीशिवाय जाऊ नये.' जोड्या दहा होतात. प्रत्येक जोडीसाठी मुलांना विचारा : हे दोन नियम एकाच वेळी लागू होतील असा प्रसंग सांगा, आणि तेव्हा कोणता नियम जिंकावा ते कारणासह लिहा.

मुलांमध्ये वाद होईल; होऊ द्या. काही जोड्यांत उत्तर चटकन मिळेल. काहींत वर्गाचे दोन तट पडतील. अशा वेळी 'बरोबर उत्तर' सांगण्याची घाई करू नका. निर्णय कोणी घ्यावा, तो कोठे लिहून ठेवावा आणि चुकला तर कोणी बदलावा, हे तीन प्रश्न फळ्यावर लिहा. यंत्रांची आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे नेमके हेच तीन प्रश्न असतात, आणि या वर्गातील काही मुले उद्या त्याच खुर्च्यांवर बसणार आहेत.

आणि विद्यार्थिमित्रांनो, आज संध्याकाळी घरी गेल्यावर आजी-आजोबांचा फोन हातात घ्या. त्यात कोणत्या सोयी चालू आहेत त्या कागदावर लिहा, जोड्या करा आणि स्वतःला विचारा : शेजाऱ्याने अनोळखी फोनवरून मदतीसाठी हाक मारली, तर ती कोणापर्यंत पोचेल? उत्तर नुसते विचाराने काढू नका. शेजाऱ्यांचा फोन मागून घ्या आणि प्रत्यक्ष लावून पाहा.